राखलेला पांढरा : क्योतोतले सात दिवस

दिवस पहिला

कान्साई विमानतळावर भाची घ्यायला आली होती. ती सहा वर्षं ओसाकात नोकरी करते आणि माझ्यासाठी तिने आठवडाभराची रजा काढली होती. क्योतोकडे जाणाऱ्या हारुका गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "मावशी, आपल्याकडून येणारे सगळे आधी देवळांची यादी काढतात. तू मेणाची काढलीस."

खरंच होतं ते. पुण्यात मी बावीस वर्षं बाटिक करते आणि शिकवते. माझ्या बाई शांतिनिकेतनात शिकलेल्या, त्यामुळे मेण लावायचं, कापड गार रंगाच्या टबात बुडवायचं, चुरगळून मेणाला तडे पाडायचे आणि त्या तड्यांतून रंग शिरू द्यायचा, अशीच आमची रीत. तड्यांची जाळी नसेल तर ते बाटिकच नव्हे, असं मी स्वतः कित्येक मुलींना सांगितलं आहे. मग तीनेक वर्षांपूर्वी एका जपानी पडद्याचं छायाचित्र पाहण्यात आलं. नदीवर धुकं होतं आणि त्या धुक्याला कुठेही कड नव्हती. खाली लिहिलं होतं, ‘रोझोमे, रेशमावर मेण’. मेणाने धुकं कसं काढायचं हे मला कळेना. ते छायाचित्र माझ्या कामाच्या टेबलासमोर तेव्हापासून लावलेलं आहे.

ऑक्टोबर संपत आला होता, हवेत गारवा होता. त्या रात्री लवकर झोपलो.

दिवस दुसरा

सकाळी मुरोमाचि रस्त्यावर गेलो. क्योतोतल्या किमोनोच्या घाऊक व्यापाराची ही जुनी पेठ. रस्ता अरुंद आहे, आणि काचेच्या नव्या इमारतींमध्ये मध्येच काळ्या लाकडी जाळीचं एखादं जुनं दुकान टिकून आहे. जुलैत गिओन उत्सवाचे रथ याच भागात उभे राहतात. त्या रथांना चहूबाजूंनी कापडं आणि गालिचे लटकवतात, आणि त्यांतले काही गालिचे सतराव्या-अठराव्या शतकात आपल्या दख्खनमध्ये विणलेले आहेत, डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतून आलेले. भाचीला हे ठाऊक नव्हतं. सहा वर्षं ती तो उत्सव पाहते आहे. ती रस्त्यातच थांबली आणि म्हणाली, "म्हणजे मी दर वर्षी आपल्याकडचंच कापड बघत होते?"

याच रस्त्यावर निशिकिकोजी गल्लीच्या थोडं उत्तरेला एका साध्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर ‘सोमे सेइर्यूकान’ आहे. २००६ साली उघडलेलं हे संग्रहालय फक्त रंगवलेल्या कापडाच्या आजच्या कलेसाठी आहे. ‘सोमे’ म्हणजे रंगवणं, पण ते कुंचल्याने भिंत रंगवावी तसं नव्हे. रंग धाग्यात भिनला पाहिजे. विणकाम, भरतकाम, चित्रकला यांपासून वेगळी अशी ही कला आहे, हे ठासून सांगण्यासाठी इथले लोक ‘सोमे’ हाच शब्द वापरतात. फुकुमोतो शिगेकी यांच्यासारखे कलावंत या शब्दाच्या बाजूने वर्षानुवर्षं लिहीत-बोलत आले आहेत. ते स्वतः मेणाने काम करतात, आणि चित्रकला शिकून मग कापडाकडे आले.

आत शिरल्यावर समोरच चार घड्यांचा एक उभा पडदा होता. रात्रीचं पाणी. खालून वर जाताना निळा इतका हळू गडद होत होता की कुठे बदलला ते बोट ठेवून दाखवता आलं नसतं. त्यावर फिकट अशा लहान-लहान खुणा होत्या, पाण्यावर पडलेल्या उजेडासारख्या. मी जवळ गेले, मग अगदी नाक टेकेल इतकी जवळ. काही खुणांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या धारदार होत्या, काहींच्या विरघळलेल्या, आणि काही तर आत पांढऱ्या नव्हत्याच, फिकट निळ्या होत्या. म्हणजे मेण वेगवेगळ्या वेळी लागलं होतं. पहिल्या फेरीत लावलेल्या मेणाने पांढरा राखला, दुसऱ्या फेरीतल्याने पहिला निळा, तिसऱ्याने त्याहून गडद. मी मोजत गेले तर सहा फेऱ्या सापडल्या, आणि ज्या मला दिसल्या नाहीत त्या वेगळ्याच. सगळ्या पडद्यावर तडा मात्र एकही नव्हता.

रंगाचं चित्र आपण थरांनी वाचतो. तैलरंग वर बसतो, त्याला जाडी असते. इथे कापडावर काहीच नव्हतं, जे होतं ते कापडात होतं. म्हणून उजेड त्यावर आपटून परत येत नव्हता, आत जाऊन येत होता. अर्धा तास मी त्या एका पडद्यासमोर बसले. भाची शेजारी बसून राहिली, काही विचारलं नाही.

किमोनो सोडून लोक मेणाने पडदे का करू लागले, याचं एक कारण तिथे वाचायला मिळालं. सरकारी कलाप्रदर्शनात, त्या वेळच्या ‘तेइतेन’मध्ये, १९२७ साली कारागिरीला स्वतंत्र विभाग मिळाला. त्याआधी रंगाऱ्याचं काम अंगावर घालायचं होतं, आता ते भिंतीवर, नावासकट टांगता येऊ लागलं. मिनागावा गेक्का, ओगो तोमोनोसुके, सानो ताकेओ ही त्या वाटेवरची मोठी नावं. ओगो आणि सानो यांनी क्योतोच्या नगर कला महाविद्यालयात शिकवलं आणि पुढच्या पिढ्या तिथून निघाल्या. मिउरा कागेओ यांनी तर भाज्या काढल्या, कोबीची शेतं काढली. ९९ वर्षांचं आयुष्य त्यांना लाभलं. रोज स्वयंपाकघरात दिसणारी कोबी रेशमावर यावी, याचा मला फार आनंद झाला. आपल्याकडे बाटिक म्हटलं की अजून गणपती, मोर आणि डोक्यावर घडा घेतलेली बाई. मीही तेच विकलं आहे.

दिवस तिसरा

नारा. क्योतोहून गाडीने पाऊण तास. तोदाइजी मंदिरातल्या मोठ्या बुद्धाकडे लोकांचे लोंढे चालले होते, आम्ही त्याच्या मागच्या बाजूला वळलो. तिथे झाडांच्या आड शोसोइन आहे, तिकोनी ओंडके एकावर एक रचून बांधलेलं, उंच खांबांवर उभं असलेलं भांडार. आत जाता येत नाही, फक्त बाहेरून पाहता येतं, तेही कामाच्या दिवशी. ७५६ साली सम्राट शोमू वारले आणि सम्राज्ञी कोम्योने त्यांच्या वापरातल्या वस्तू बुद्धाला अर्पण केल्या. त्यांतून हे भांडार उभं राहिलं. वाद्यं, औषधं, आरसे, कापडं.

मेणाने रंगवण्याचं जपानमधलं सर्वात जुनं मोठं काम याच भांडारात आहे. त्या काळी त्याला ‘रोकेचि’ म्हणत. झाडाखाली हत्ती उभा असलेला एक पडदा आणि झाडाखाली मेंढा उभा असलेला दुसरा. दर वर्षी शरदात नाराच्या राष्ट्रीय संग्रहालयात भांडारातल्या थोड्या वस्तू दाखवतात, पण निवड दर वर्षी बदलते, आणि आमच्या वाट्याला ते पडदे आले नाहीत. मी मेंढ्याचं छापील चित्र विकत घेतलं आणि हरणांच्या बागेत बाकावर बसून ते पाहिलं.

मेंढ्याची शिंगं चक्रासारखी वळलेली, अंगभर त्रिकोणांची नक्षी, वर झाडावर माकडं. हा मेंढा इराणकडून चालत आला आहे, हे कुणालाही कळेल. हत्तीचंही तसंच. जपानात जिवंत हत्ती जहाजातून उतरल्याची पहिली नोंद १४०८ सालची आहे, म्हणजे ज्याने हा हत्ती कापडावर उमटवला त्याने हत्ती कधी पाहिलाच नसणार. कापड मात्र जपानीच. मेंढ्याच्या पडद्याच्या कडेला कर म्हणून भरलेल्या कापडाचा लेख आहे, त्यावर ७५१ साल येतं. नक्षी परदेशची, कापड घरचं.

पण मला खिळवून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. ही चित्रं हाताने काढलेली नाहीत. कोरलेला ठसा तापल्या मेणात बुडवून कापडावर दाबला आहे. आमच्याकडे कच्छमध्ये मुंद्र्याला, उज्जैनजवळ भैरोगढला आजही ठशाने मेण लावतात. म्हणजे सुरुवात तिथे आणि इथे एकच होती.

मग जपानात ती खुंटली. नवव्या शतकाच्या अखेरीस चीनच्या दरबारी जाणारी शिष्टमंडळं बंद झाली आणि मधमाशांचं मेण मिळेना, असं कारण सांगतात. पुढे तांदळाच्या खळीने रंग अडवायची पद्धत आली, तिच्यातून किमोनो रंगवायची युझेन ही पद्धत फुलली आणि मेण मागे पडलं. कित्येक शतकांनंतर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, क्योतोच्या उच्च तंत्र विद्यालयातले रंगशास्त्राचे प्राध्यापक त्सुरुमाकी त्सुरुइचि यांनी ती पद्धत पुन्हा उभी केली. विद्यालय १९०२ सालचं, आज ते क्योतो तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. ज्यांनी ते पुन्हा हाती घेतलं त्यांच्या हातात मात्र ठसा राहिला नाही, कुंचला आला. चिनी शाईच्या चित्रांवर वाढलेल्या हातांना मेणसुद्धा शाईसारखंच हवं होतं. माझ्या टेबलासमोरचं धुकं या एका बदलातून आलं असावं, असं मला त्या बाकावर वाटलं. खरं-खोटं दुसऱ्या दिवशी कळणार होतं.

दिवस चौथा

निशिजिनजवळच्या एका गल्लीत सेन्सेइंचं, म्हणजे माझ्या तिथल्या शिक्षिकेचं, घर होतं. सत्तरीच्या बाई, केस पूर्ण पांढरे, हाताची नखं मात्र निळी. त्यांनी दोन दिवस मला शिकवायचं कबूल केलं होतं. घर रुंदीला दोन खोल्यांएवढं आणि लांबीला कितीतरी आत जाणारं. अशा घराला क्योतोत ‘वाम माशाचं अंथरूण’ म्हणतात. किमोनोचं बारा-तेरा मीटरचं ठाण ताणायला हे घर सोयीचं, असं त्या म्हणाल्या.

कापड कसं ताणलं ते आधी सांगते, कारण सगळी गोम त्यातच आहे. रेशमाच्या दोन्ही टोकांना ‘हारिते’ लावतात, म्हणजे दाते असलेले लाकडी चिमटे. ते दोरीने खांबांना बांधले की कापड जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर झोळीसारखं लटकतं. मग खालून ‘शिन्शि’ लावायच्या. बांबूच्या बारीक कामट्या, दोन्ही टोकांना टाचणी. एका काठात एक टोक, दुसऱ्या काठात दुसरं, कामटी धनुष्यासारखी वाकते आणि कापड रुंदीत ताठ होतं. हाताने वर दाबलं तर डफासारखं वाजतं.

आता हे कापड टबात जाणारच नाही. रंग रुंद कुंचल्याने वरून लावायचा. कापड चुरगळत नाही, म्हणून मेणाला तडा जात नाही. बावीस वर्षं मी ज्याला बाटिकची खूण मानत होते ती बाटिकची नव्हे, टबाची खूण होती. हे कळायला मला क्योतोपर्यंत यावं लागलं.

चित्र आखायला त्यांनी एका वाटीत निळं पाणी दिलं. ‘आओबाना’. शेजारच्या शिगा प्रांतात कुसात्सुला या फुलाची लागवड करतात, पाकळ्यांचा रस कागदाला पाजून वाळवतात आणि लागेल तेव्हा तुकडा भिजवून वापरतात. पाणी लागलं की ही निळी रेघ पूर्ण निघून जाते, म्हणून रंगारी शतकानुशतकं तिने आखणी करतात. त्यांनी फुलाचं चित्र दाखवलं आणि मी भाचीचा हातच धरला. आपला केना! पावसाळ्यात बांधावर उगवणारा, ज्याच्या पानांची आई भजी करायची, त्या केन्याच्याच जातीतलं हे फूल, फक्त पाकळ्या मोठ्या. भाचीला जपानी शब्द सापडेना, तेव्हा मी हातवारे करून पानं तळून खातो हे सांगितलं. सेन्सेइंनी ते गांभीर्याने वहीत लिहून घेतलं.

मेणाचं भांडं विजेवर तापत होतं. पॅराफिन एकटं वापरलं तर ठिसूळ, म्हणून त्यात मधमाशांचं मेण आणि ‘मोकुरो’. मोकुरो हे हाझे झाडाच्या फळांतून निघणारं मेण, आणि हे झाड आंब्या-काजूच्या, आपल्या बिब्ब्याच्या कुळातलं. त्याचा चीक अंगाला लागला तर बिब्ब्यासारखाच उततो. धोबी ज्या बिब्ब्याने आपल्या कपड्यांवर खुणा करत, त्याचा हा लांबचा भाऊ कापडावर पांढरा राखायचं काम करतो. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी मेणाचा एक फिकट पिवळसर तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. वास जवळजवळ नव्हताच.

त्या दिवशी मी चित्र काढलंच नाही. फक्त कुंचला मेणात बुडवून कापडाच्या तुकड्यावर एक रेघ. परत एक रेघ. मेण जास्त तापलेलं असेल तर रेघ पसरते आणि कुंचल्याचे केस करपतात. नीट तापलेलं असेल तर ते आरपार जातं आणि कापड तेल लागल्यासारखं पारदर्शक दिसतं, तिथे रंग शिरत नाही. थोडं गार झालेलं असेल तर ते वरच राहतं, दुधाळ दिसतं, आणि रंग त्याच्या खालून थोडा झिरपतो. पुण्यात या दुधाळ रेघेला मी चूक म्हणते, मुलींना पुन्हा करायला लावते. सेन्सेइ तिला ‘हान्बोसेन’ म्हणाल्या. अर्धं अडवणं. तीच तर पाहिजे असते.

भांड्यातून कुंचला उचलल्यापासून कापडाला टेकेपर्यंत किती क्षण जाऊ द्यायचे, यावर रेघ ठरते. पहिल्या क्षणाला धारदार, चौथ्याला धूसर. एकच कुंचला, एकच मेण. माझ्या टेबलासमोरच्या धुक्याचं उत्तर हे होतं. ऐकलं तेव्हा मला काही बोलता आलं नाही. सेन्सेइंनी चहा आणला.

दिवस पाचवा

आज खरं कापड. साठ सेंटिमीटर रेशीम. सोयाबीन भिजवून वाटून काढलेलं पातळ दूध, ‘गोजिरु’, त्यांनी आदल्या रात्रीच त्यावर फिरवून ठेवलं होतं. त्याने रंग भसकन पसरत नाही.

मी पानशेतचं पाणी काढायचं ठरवलं होतं, पहाटेचं, समोरच्या काठाची एक गडद पट्टी आणि बाकी नुसता उजेड. आखणी झाली. मी सवयीने विचारलं, आता पहिला रंग कोणता? त्या म्हणाल्या, आधी सांगा, शेवटी पांढरं काय राहणार? भाचीने भाषांतर केलं आणि मीच गप्प झाले. मी रंग ठरवून आले होते, पांढरा ठरवला नव्हता. मराठीत आपण शेत राखतो, गुरं राखतो, शब्द राखतो. मेणाचं काम तेच आहे, रंग येईल तिकडून येवो, एवढी जागा राखायची. बराच वेळ विचार करून मी पाण्यावरच्या तीन लहान जागा दाखवल्या. त्यांनी मान हलवली.

त्या तीन जागांवर तापलं मेण आरपार. मग कापड पाण्याने भिजवून फिकट करडा-निळा, एका कुंचल्याने रंग आणि दुसऱ्या कोरड्या कुंचल्याने त्याची कड पुसत न्यायची. याला ‘बोकाशी’ म्हणतात. कुंचला गोलगोल, हलका, मनगटातून. आपल्या सारवण्यासारखीच लय आहे, आणि हे जमलं म्हणून सेन्सेइंनी माझ्याकडे दोनदा वळून पाहिलं. वाळू दिलं. मग गारसर मेणाने धुक्याचा पहिला थर. पुन्हा रंग. पुन्हा वाळवण. दुपारी ‘रोफुबुकी’, मेणाचं हिमवादळ. मेणात भिजवलेला कुंचला काठीवर आपटला की बारीक शिंतोडे उडतात आणि प्रत्येक शिंतोडा खालचा रंग राखतो. माझा पहिला फटका जोरात बसला आणि एक मोठा थेंब नेमका काठाच्या गडद पट्टीवर पडला. खरवडून निघाला असता का, विचारलं. नाही. रेशमात गेलेलं मेण गेलं. तो ठिपका तिथेच राहिला आहे आणि मला अजून खटकतो.

संध्याकाळपर्यंत चार फेऱ्या झाल्या. कापडावर आता मेणच मेण, चित्र काहीच दिसत नव्हतं, एक तेलकट काळपट फडकं. शेवटपर्यंत असंच असतं, त्या म्हणाल्या. मेण निघेपर्यंत आपण काय राखलं ते आपल्यालाही दिसत नाही.

पुढचं काम त्यांच्या घरात होत नाही. वाफ देणारे वेगळे, मेण काढणारे वेगळे. वाफेत रंग रेशमात पक्का बसतो, मग द्रावणात मेण विरघळवतात. क्योतोत हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या वाटून घेतलेलं आहे आणि त्यांतली घरं कमी होत चालली आहेत. वाफ देणारी जवळची व्यक्ती थांबली तर मी काय करणार, हा प्रश्न त्यांनी आम्हाला विचारला. मला इचलकरंजीतले, येवल्यातले चेहरे आठवले. उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

दिवस सहावा

क्योतोतल्याच ओकाझाकी भागात गेलो. तिथल्या कारागिरीच्या संग्रहालयात क्योतोचे ७४ पारंपरिक उद्योग एका जागी मांडले आहेत. पंखे, बाहुल्या, धनुष्यं, दगडी दिवे, सगळं सुंदर आहे आणि सगळं पाहून माझे डोळे थकले. युझेनच्या भागात एक गोष्ट नव्याने कळली. खळीने केलेल्या युझेनमध्येही फुलं रंगवून झाल्यावर जमीन, म्हणजे फुलांमागचा मोकळा भाग, रंगवायच्या आधी त्या फुलांवर मेण फिरवतात. म्हणजे मेण कुठे गेलं नव्हतंच, दुसऱ्याच्या घरात काम करत होतं.

दुपारी कामो नदीच्या काठाने चालत निघालो. खळी धुवायला पूर्वी रंगारी ठाणंच्या ठाणं याच पाण्यात सोडत. प्रदूषण होतं म्हणून ते थांबलं, आणि ते योग्यच झालं. बगळे उभे होते. भाची तिच्या नोकरीबद्दल, घराबद्दल बोलत राहिली. आठवड्यातलं ते आमचं पहिलं मोठं बोलणं.

दिवस सातवा

निघायच्या आधी सेन्सेइंकडे निरोप घ्यायला गेलो. मी त्यांच्यासाठी नारायण पेठी साडीचा काठ आणला होता. त्यांनी तो उजेडात धरला, उलटून पाहिला, धागे मोजल्यासारखं केलं. माझं कापड वाफेला गेलं होतं. पोस्टाने पाठवीन म्हणाल्या. मोकुरोचे दोन तुकडे कागदात गुंडाळून दिले. भाचीला त्या काहीतरी म्हणाल्या, ते तिने मला स्टेशनवर पोहोचल्यावर सांगितलं: "तुझ्या मावशीचा हात सावकाश आहे, तिला मोठं कापड दे."

डिसेंबरात पाकीट आलं. मेण निघालेलं रेशीम इतकं हलकं होतं की आधी वाटलं पाकीट रिकामंच आहे. पाणी होतं. धुकं होतं, दोन ठिकाणी तरी नक्की होतं. तीन पांढऱ्या जागांपैकी एक फार मोठी झाली आहे. गडद पट्टीवरचा थेंबही आहे.

दोन्ही काठांवर शिन्शिच्या टाचण्यांची बारीक भोकं ओळीने राहिली आहेत. फ्रेमवाल्याने विचारलं, मॅडम, या कडा आत मुडपून टाकू का? मी नको म्हटलं, कापड काठासकट दिसू दे.